फिल्म पुढे सरकविण्याची साधने आणि छायाचित्राचे साक्षीमूल्य : सडक अर्जुनी परिसराच्या संदर्भात

ताम्रपट, बखर अथवा पत्रव्यवहार यांची चिकित्सा करताना जे प्रश्न आपण हटकून विचारतो, ते छायाचित्राच्या बाबतीत क्वचितच विचारले जातात. छायाचित्र कोणी घेतले, कोठे घेतले व कोणत्या साली घेतले, एवढी नोंद पाठीमागे सापडली की बहुतेक अभ्यासक संतुष्ट होतात. वास्तविक एकच चित्र सुटे असे जवळजवळ कधीच घेतले जात नाही. ते फिल्मच्या एका पट्टीवर असते. त्याच्या आधी एक चित्र असते व नंतर एक असते. या दोन शेजाऱ्यांपासून ते काळाच्या किती अंतरावर आहे, हे बव्हंशी ज्या साधनाने फिल्म पुढे सरकविली जाते त्यावर अवलंबून असते. हे साधन म्हणजे कॅमेऱ्याची घुंडी, खटका, तळाला बसविलेला वाइंडर किंवा विजेवर चालणारी मोटर. प्रस्तुत लेखात अंतरमापी, म्हणजे ज्यांस सामान्यतः रेंजफाइंडर म्हणतात त्या कॅमेऱ्यांतील या साधनांचा इतिहास थोडक्यात पाहून, क्षेत्रकार्यासाठी त्यांपैकी कोणते निवडावे आणि जुन्या निगेटिव्ह वाचताना त्यांचा विचार कसा करावा, याची चर्चा केली आहे.

१

चर्चेला निश्चित भूमी असावी म्हणून सडक अर्जुनीचा परिसर घेऊ. गोंदिया जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर, साकोली व देवरी यांच्या दरम्यान आहे. याच जिल्ह्यात मोरगाव अर्जुनी नावाचा दुसरा तालुका असल्यामुळे 'सडक' या उपपदाला व्यवहारात महत्त्व आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. तत्पूर्वीच्या एखाद्या निगेटिव्हच्या पाकिटावर 'अर्जुनी, जि. भंडारा' एवढेच लिहिलेले असेल, तर ती अर्जुनी कोणती हे ठरविण्यासाठी चित्राबाहेरचा आधार पुष्कळदा मिळत नाही. अशा वेळी पट्टीवरील मागचे व पुढचे चित्रच साक्षीला बोलवावे लागते.

धानाच्या बांध्या, जुने तलाव व दाट जंगल यांचा हा मुलूख झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्टीची स्वतःची रंगभूमी आहे. धानाची कापणी आटोपू लागली की, दिवाळीपासून साधारणतः होळीपर्यंत, गावोगावी रात्रभर नाटके चालतात. दंडार व खडी गंमत हे या रंगभूमीचे जुने लोकाविष्कार होत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली व तिच्या लोककला यांच्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि २०२३ साली या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने तिची कीर्ती पट्टीबाहेरही गेली. ज्या गावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरतो त्या गावी दिवसा पट व रात्री नाटक असा क्रम या भागात रूढ आहे.

क्षेत्रकार्यास निघालेल्या विद्यार्थ्यापुढे अशा रीतीने एकाच गावात, एकाच दिवशी, दोन अगदी भिन्न घटना उभ्या राहतात. पटावरची एक धाव काही सेकंदांत संपते. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. छत्तीस चित्रांचे एक रीळ सात तासांच्या प्रयोगावर सारखे वाटले, तर सुमारे बारा मिनिटांस एक चित्र येते. तेच रीळ सेकंदाला तीन चित्रे घेणाऱ्या मोटरला जोडले, तर बारा सेकंदांत संपते. बारा मिनिटे आणि बारा सेकंद या दोन टोकांमध्ये वाइंडरचा सगळा प्रश्न सामावलेला आहे.

२

छायाचित्राच्या पुराव्याचे दोन प्रकार आरंभापासूनच वेगळे पडले आहेत. एका प्रकारात छायाचित्रकार वाहत्या प्रसंगातून एक क्षण वेचतो. यास आपण वेचक चित्र म्हणू. दुसऱ्या प्रकारात तो निवडीचा हक्क सोडून ठरावीक अंतराने चित्रे घेत जातो. यास सलग चित्रे म्हणू. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची चित्रे घेतली, आणि धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे त्यांवरून सिद्ध झाले. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार करून उडत्या पक्ष्यांची सलग चित्रे घेतली. या दोघांच्या निष्कर्षांचे बळ चित्राच्या सौंदर्यात नव्हते. ते चित्रांमधील अंतर ठाऊक असण्यात होते.

महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण चित्रपटाच्या आरंभकाळीच सापडते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा, हाताने फिरविण्याचा कॅमेरा आणला, आणि 'राजा हरिश्चंद्र' हाती घेण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा एक लघुपट तयार केला. त्यासाठी त्यांनी रोपाची ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. मूठ फिरविणारा हात फाळक्यांचाच होता. परंतु कधी फिरवायची हे मात्र त्यांनी प्रसंगावर न सोडता घड्याळावर सोपविले होते. सलग चित्राचे मर्म यंत्राच्या वेगात नसून अंतराच्या नियमितपणात आहे, हे या लहानशा प्रयोगावरून स्पष्ट होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी देशी बनावटीचा कॅमेरा सिद्ध करून १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रदर्शित केला. छिद्रांची फिल्म न अडकता व न घसरता पुढे नेणे हे छायायंत्राच्या शास्त्रातील मूलभूत काम होय.

३

स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यात हे काम थोड्या वेगळ्या रीतीने होते. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचे एक चित्र घेतले की फिल्म आठ छिद्रांइतकी पुढे सरकली पाहिजे. ऑस्कर बर्नाक याने योजिलेला आणि १९२५ मध्ये बाजारात आलेला लायका हा कॅमेरा या मापाच्या चित्रास प्रतिष्ठा देणारा ठरला. त्यात एकाच घुंडीच्या फिरण्याने फिल्म सरकत असे व शटरही पुन्हा सज्ज होत असे, त्यामुळे एका चित्रावर दुसरे चित्र उमटण्याची चूक टळली. १९३२ मध्ये लायका व काँटॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत भिंगाशी जोडलेला अंतरमापक आला, आणि आपण ज्याला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतो त्याचे रूप निश्चित झाले.

या कॅमेऱ्याचे दोन गुण येथे ध्यानात घेतले पाहिजेत. छायाचित्रकार भिंगातून न पाहता स्वतंत्र खिडकीतून पाहतो, म्हणून चित्र घेण्याच्या क्षणीही दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून नाहीसे होत नाही. दुसरे असे की, आत उचलणारा आरसा नसल्याने आवाज अत्यल्प होतो. उणीव एकच होती. घुंडी फिरविण्यासाठी कॅमेरा बहुधा डोळ्यापासून दूर करावा लागे, आणि तेवढ्यात प्रसंग पुढे निघून जाई.

ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न १९३० च्या दशकातच सुरू झाले. लायकाच्या कारखान्याने त्या दशकाच्या मध्यास तळाच्या झाकणाऐवजी बसविण्याचा एक वाइंडर काढला. पुढे त्यास लायकाव्हिट हे नाव रूढ झाले. तळाशी दुमडून ठेवलेला खटका डाव्या हाताच्या बोटांनी ओढला की फिल्म सरकते व शटर सज्ज होते. डोळा खिडकीलाच राहतो व उजवे बोट शटरवरून हलत नाही. सरावलेला हात या रीतीने सेकंदाला सुमारे दोन चित्रे घेऊ शकतो. त्यानंतर १९३८ च्या सुमारास त्याच कारखान्याने घड्याळासारखी किल्ली देऊन चालणारी मोटर आणली. एका किल्लीत ती बारा चित्रे घेई. १९३४ पासून निघालेल्या रोबोट या जर्मन कॅमेऱ्यात तर स्प्रिंगची मोटर कॅमेऱ्याच्या अंगातच होती. लायकाने दहा मीटर फिल्म मावणारा व अडीचशे चित्रे घेणारा एक प्रकारही याच दशकात काढला, आणि त्याच्या काही प्रतींना विजेची मोटर जोडून त्या युद्धकाळात लष्करी विमानांतून वापरण्यात आल्या.

महायुद्धानंतर दोन दिशा स्पष्ट झाल्या. एक दिशा हाताची. १९५४ मध्ये आलेल्या लायका एम-३ मध्ये घुंडीच्या जागी अंगठ्याने ओढण्याचा लिव्हर आला. आरंभी तो एका चित्रासाठी दोनदा ओढावा लागे. १९५८ च्या सुमारास एकच ओढ पुरेशी झाली. १९५६ मध्ये वृत्तछायाचित्रकारांसाठी लायका एमपी हा सुमारे चारशे प्रतींचा प्रकार निघाला, त्याबरोबर तळाचा वाइंडर दिला जाई. जपानमध्ये कॅननने त्याच वर्षी काढलेल्या व्हीटी या कॅमेऱ्यात तळाचा खटका मूळ रचनेचाच भाग होता. दुसरी दिशा विजेची. निप्पॉन कोगाकू या जपानी कारखान्याने १९५७ मध्ये निकॉन एसपी हा कॅमेरा व त्यास जोडण्याची एस-३६ ही मोटर आणली. ती सेकंदाला तीन चित्रे घेऊ शके.

४

येथे इतिहासाने एक वळण घेतले, आणि निवडीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वळणातच आहे. १९५९ मध्ये त्याच कारखान्याने निकॉन एफ हा आरशाचा, भिंगातून पाहण्याचा कॅमेरा काढला आणि मोटर त्याच्याकडे गेली. याची कारणे यंत्रशास्त्रीय आहेत. सलग चित्रांची गरज मुख्यतः खेळ, शर्यती व वन्यप्राणी यांसाठी असते, आणि तेथे दूरची लांब भिंगे लागतात. अंतरमापी कॅमेऱ्यात १३५ मिलिमीटरच्या पलीकडे अंतर जुळविणे व चौकट पाहणे दुर्घट होते. आरशाच्या कॅमेऱ्यात ही मर्यादा नाही. शिवाय आरशाचा आवाज असतोच, त्यात मोटरच्या आवाजाने मोठी भर पडत नाही. अंतरमापी कॅमेऱ्याला मोटर लावली की मात्र ज्या शांततेसाठी तो घेतला तीच नष्ट होते.

म्हणून पुढील काळात अंतरमापी कॅमेऱ्याच्या मोटरी निघाल्या तरी त्या मुख्य प्रवाह बनल्या नाहीत. कॅनडातील कारखान्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या लायका एम४-२ पासून विजेचा वाइंडर जोडण्याची सोय नित्याची झाली, व एम४-पी, एम-६ या पुढील प्रकारांतही ती राहिली. १९९९ मध्ये निघालेल्या कोनिका हेक्सर आरएफ मध्ये मोटर आतच होती. उलट हाताचा वाइंडर मेलेला समजला जात असता पुन्हा उभा राहिला. कॅनडातील टॉम अब्राहम्सन यांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या तळाच्या वाइंडरला मागणी आली, आणि २००३ च्या सुमारास लायकानेही आपला जुना खटका नव्या रूपात बाजारात आणला. विजेची मोटर सर्वत्र उपलब्ध असताना जुने हस्तसाधन पुन्हा तयार करावेसे वाटणे, ही केवळ हौसेची गोष्ट मानता येणार नाही. या कॅमेऱ्याचे खरे काम वेचक चित्राचे आहे, हे वापरणाऱ्यांनी अनुभवाने ठरविले होते.

भारतात या साधनांचा प्रसार फारसा झाला नाही, यालाही कारण आहे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे कॅमेरे व फिल्म यांच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध होते. उदकमंडलम येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली व तिचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. फिल्मचा प्रत्येक तुकडा जपून वापरावा लागे तेथे सेकंदाला तीन चित्रे घेण्याचा विचार कोण करणार? त्या काळच्या भारतीय निगेटिव्ह पाहताना हे विसरता कामा नये. त्या पट्ट्यांवरील दोन शेजारी चित्रांत कधी एका मिनिटाचे, कधी एका महिन्याचे अंतर असू शकते. एकाच रिळावर लग्न, पट व पोळा हे तिन्ही आढळले तर त्यात नवल नाही.

५

आता साक्षीमूल्याकडे वळू. शंकरपटाचा अलीकडचा इतिहास न्यायालयीन वादाशी निगडित आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींना मनाई झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याने केलेली कायद्याची दुरुस्ती ग्राह्य मानली. या वादाचा गाभा जनावरांवर क्रौर्य होते की नाही हा होता. उद्या एखादा संशोधक २०१४ पूर्वीच्या पटाची छायाचित्रे पुढे ठेवून तत्कालीन प्रथेविषयी विधान करू लागेल, तेव्हा फिल्म कशी सरकली हा प्रश्न गौण राहणार नाही.

समजा, एका चित्रात हाकणाऱ्याचा हात वर आहे व हातात तुतारी, म्हणजे टोचणीची काठी, आहे. चित्र हाताने वेचलेले असेल, तर छायाचित्रकाराला तो क्षण लक्षणीय वाटला एवढेच त्यावरून निश्चित म्हणता येते. काठी खाली आली की नाही, एकदा आली की पुनःपुन्हा, हे त्या चित्रास ठाऊक नाही. शेजारच्या चित्रात हात खाली असेल, तर ते आधीचे, नंतरचे की दुसऱ्याच जोडीचे, हेही पाहावे लागेल. मोटरने घेतलेल्या दहा चित्रांच्या ओळीत मात्र धावेचे सुमारे तीन सेकंद अखंड सापडतात; त्यांत जे दिसत नाही ते त्या अवधीत घडले नाही, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. निषेधात्मक विधानाला आधार देण्याची ही शक्ती सलग चित्रांची विशेषता होय, वेचक चित्रास ती नाही.

याच्या उलट बाजूही पाहावी. मोटरला अर्थ कळत नाही. दंडारीच्या प्रयोगात एखादा वृद्ध कलावंत नाचता नाचता थांबून तरुण सोंगाड्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर मोटरच्या दोन चौकटींमध्ये निसटू शकते. आणि पकडली गेली तरी रीळ बारा सेकंदांत संपल्याने पुढच्या सात तासांचे काही उरत नाही. दंडारीसारख्या कलांची परंपरा मोठ्या अंशी मौखिक असल्याने, पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला वेश, रंगमंचाची मांडणी, साथीदारांची बैठक व प्रेक्षकांची दाटी यांविषयी जे कळणार ते पुष्कळसे अशा मोजक्या चित्रांतूनच कळणार आहे. येथे छत्तीस चित्रे रात्रभर पुरविणे हे कर्तव्य ठरते, आणि ते हाताने फिल्म सरकविणारालाच साधते. मुलाखतीच्या वेळी ही गोष्ट अधिकच खरी ठरते. ओसरीवर बसून जुनी पदे आठवणाऱ्या माणसासमोर मोटर घरघरली की आठवणीचा धागा तुटतो.

पट्टी वाचताना उपयोगी पडतील अशा काही खुणा येथे नमूद करणे उचित होईल. फिल्मच्या कडेवर कारखान्यातच उमटविलेले क्रमांक असतात; पट्टी तुकड्यांत कापली तरी चित्रांचा क्रम त्यांवरून लावता येतो. मात्र क्रम म्हणजे काळ नव्हे. क्रमांक पंधरा व सोळा यांत एक सेकंद गेला की एक दिवस, हे कडेवर लिहिलेले नसते. ते सावल्यांची लांबी, गर्दीची हालचाल, धुळीचा लोट यांवरून अनुमानावे लागते. चित्रांमधील मोकळी जागा कमीजास्त असेल तर फिल्म सरकविणारी यंत्रणा झिजलेली असण्याचा संभव आहे. कोरड्या हवेत फिल्म वेगाने सरकविल्यास स्थिर विद्युत् निर्माण होऊन तिच्यावर विजेच्या रेषांसारखे डाग उमटतात. झाडीपट्टीच्या हिवाळ्यातील निगेटिव्हवर असे डाग दिसल्यास ते धुण्यातील दोष मानण्यापूर्वी ही शक्यता तपासावी. आजच्या अंकीय कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राबरोबर वेळेची नोंद आपोआप होते. फिल्मवर ती नसते, म्हणून ही सारी चिकित्सा करावी लागते.

६

जे विद्यार्थी आजही फिल्मवर काम करतात, किंवा विभागाकडील जुने अंतरमापी कॅमेरे वापरात आणू इच्छितात, त्यांच्यासाठी निष्कर्ष असे निघतात. सर्वप्रथम कॅमेऱ्याचा तळ पाहावा, कारण प्रत्येक साधन प्रत्येक कॅमेऱ्यास बसत नाही. लायका एम-३ च्या सर्वसाधारण प्रतींत तळाच्या वाइंडरशी जुळणारी जोडणी नसते; विजेच्या वाइंडरची सोय एम४-२ पासूनच्या कॅमेऱ्यांतच गृहीत धरावी. जोडणी नसलेल्या कॅमेऱ्यात बदल करून घेण्यापेक्षा त्याचा लिव्हर नीट चालतो ना एवढेच पाहणे बरे.

जोडणी असल्यास, नाटक, दंडार, मुलाखत व गावातील नित्य व्यवहार यांसाठी हाताने ओढण्याचा तळाचा वाइंडर सर्वांत इष्ट होय. त्याला बॅटरी लागत नाही, त्याचा आवाज हलका असतो, आणि वेग वापरणाराच्या हाती राहतो. विजेची मोटर पटासारख्या प्रसंगापुरती योग्य. तीही धावपट्टीच्या कडेला, मध्यम भिंगाने काम करावयाचे असेल तरच. दुरून चित्रे घ्यावयाची असतील तर अंतरमापी कॅमेऱ्याला मोटर जोडण्याचा खटाटोप न करता आरशाचा कॅमेरा वापरावा. फिरविण्याचा वेग वाढला म्हणून पुरावा वाढत नाही. ज्या विधानासाठी पुरावा हवा, त्या विधानाच्या जातीवर साधन ठरवावे. 'असे घडत असे' हे सांगावयाचे असेल तर वेचक चित्रे पुरतात; 'अमुक अवधीत असे घडले नाही' हे सांगावयाचे असेल तर सलग चित्रे हवीत.

सर्वांत महत्त्वाची बाब खरेदीची नसून नोंदीची आहे. प्रत्येक रिळाच्या पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा व दिनांक यांबरोबर कॅमेऱ्याचा प्रकार, फिल्म सरकविण्याचे साधन आणि पहिल्या व शेवटच्या चित्राची वेळ लिहावी. मोटरने सलग घेतलेल्या चित्रांचे क्रमांक निराळे दाखवावेत. यास प्रत्येक रिळामागे दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र ही नोंद नसेल, तर पन्नास वर्षांनी त्या पट्टीवरून शंकरपटाविषयी वा दंडारीविषयी लिहिणाऱ्याला आपले विधान कितपत पक्के आहे, हे स्वतःलाच सांगता येणार नाही.